गॅस संपत नाही, गळतो : मोटारीतल्या गारव्याचा इतिहास आणि घरच्या घरी निदान



विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन मित्रांनी विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं मोटारीच्या एसीवर व्याख्यान कशाला द्यायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देता येईल: निदान. कार्य दिसतं, कारण दिसत नाही; आणि दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याकडे जायचं असतं. वैद्य हेच करतो, इतिहासकार हेच करतो, आणि बॉनेट उघडून उभा असलेला मिस्त्रीही हेच करतो. आपण आज या मिस्त्रीचं बोट धरून शंभरेक वर्षांचा इतिहास पाहणार आहोत.

सुरुवात एका वाक्यापासून करू. मार्च संपत आला की आपल्याकडे घरोघरी हे वाक्य ऐकू येतं: "गाडीतला गॅस संपलाय, भरून आणतो." हे वाक्य इतकं नेहमीचं आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. पण बघा, पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तोही जळतो. एसीतला गॅस जळत नाही, विरत नाही, झिजत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतो. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जेवढा होता तेवढाच तो दहा वर्षांनीही असायला हवा. कमी झाला असेल, तर याचा अर्थ एकच: तो कुठून तरी बाहेर पडला. म्हणजे 'संपला' हे क्रियापदच चुकीचं आहे. 'गळला' म्हणायला हवं.

एवढ्याशा शब्दानं काय फरक पडतो? आमचं म्हणणं असं आहे की, मोटारीतल्या गारव्याचा सगळा इतिहास या दोन क्रियापदांमधल्या फरकाचा इतिहास आहे. 'संपला' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "भरायला किती घेणार?" 'गळला' म्हटलं की प्रश्न येतो, "कुठून? आणि गेला कुठे?" हा दुसरा प्रश्न माणसानं फार उशिरा विचारला.

आधी हे यंत्र थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक असा द्रव घ्यायचा जो फार कमी तापमानाला उकळतो. आजच्या बहुसंख्य गाड्यांत आहे तो आर-१३४ए, मोकळ्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी जाळी असते, तिला आपले मिस्त्री कूलिंग कॉइल म्हणतात. तिथं हा द्रव उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या अंगाभोवतीच्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून गरम करतो, गाडीच्या तोंडाशी रेडिएटरपुढे बसवलेला कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकतो, वायूचा पुन्हा द्रव होतो, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. झालं एक चक्र.

आता हेच चक्र घरच्या फ्रीजमध्येही असतं. मग फ्रीजमध्ये दरवर्षी गॅस भरावा लागतो का? नाही. वीस-वीस वर्षं फ्रीज चालतात, कुणी नळीला हात लावत नाही. मग मोटारीलाच हा रोग का? फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि त्याची विजेची मोटर एकाच लोखंडी डब्यात वितळजोड देऊन बंद केलेली असतात. आत जातात फक्त विजेच्या तारा. मोटारीचा कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणजे त्याचा दांडा डब्याबाहेर काढावाच लागतो, आणि फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथं रबरी सील लागतं. शिवाय इंजिन हादरतं आणि कंडेन्सर गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो, म्हणून मधल्या नळ्या लवचिक, रबरी ठेवाव्या लागतात. सांधे आले, ओ-रिंगा आल्या. थोडक्यात, मोटारीतला एसी जन्मतःच थोडासा गळका आहे. नीट बसवला तर ही गळती इतकी मंद असते की वर्षानुवर्षं जाणवत नाही. दर उन्हाळ्यात 'संपतो' तो मात्र उघड दोष आहे.

आता इतिहासाकडे येऊ. विलिस कॅरियरनं १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिथं माणसाला गार करायचं नव्हतं. कागद फुगत होता आणि रंगीत छपाई सरकत होती. पुढे चित्रपटगृहं आली, दुकानं आली. पण ते गारव्याचे कारखानेच होते. त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले वायू वापरले जात. एक गुदमरवणारा, एक डोळे जाळणारा, एक गुपचूप मारणारा. असला वायू बंद मोटारीत माणसांच्या गुडघ्यांशी ठेवणं शक्यच नव्हतं.

ही अडचण सोडवली थॉमस मिज्ली या अमेरिकन इंजिनिअरनं. १९२८ च्या सुमारास जनरल मोटर्ससाठी काम करताना त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन, फ्लोरीन आणि कार्बन यांची संयुगं शोधून काढली. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत त्यानं हा वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून एक जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारीही नाही आणि पेटणाराही नाही, दोन्ही गोष्टी एका श्वासात सिद्ध! तोच पुढे 'फ्रिऑन' म्हणून विकला गेला. मोटारींसाठी वापरला गेला तो त्यातला आर-१२.

याच मिज्लीनं त्याआधी, १९२१ साली, पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा उपाय शोधला होता. एका माणसाच्या दोन शोधांनी एका शतकाची हवा बिघडवली असं म्हणून लोक त्याला आज खलनायक ठरवतात. शिशाबाबत तसं म्हणायला जागा आहे, कारण शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. फ्रिऑनबाबत मात्र न्याय वेगळा लावावा लागेल. सभेतल्या प्रयोगानं दोन प्रश्नांची उत्तरं दिली: माणूस मरेल का, आग लागेल का? तिसरा प्रश्न, हा वायू सुटल्यावर जातो कुठे, हा त्या सभेत कुणाच्या मनातच नव्हता. वायू स्थिर आहे, कशाशीही संयोग पावत नाही, हा त्याचा गुण मानला गेला. जो कशाशीच संयोग पावत नाही तो नाहीसाही होत नाही, ही त्या गुणाची दुसरी बाजू होती.

१९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी गाडी मांडली. जादा किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल मागच्या डिकीत, आणि ती डिकीची निम्मी जागा खायची. कॉम्प्रेसर बंद करायला क्लचच नव्हता. म्हणजे थंडीच्या दिवसांत एसी नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! दोनेक वर्षांत हा प्रकार बंद पडला. युद्धानंतर, १९५३-५४ च्या सुमारास, क्रायस्लर, नॅश, पॉन्टियॅक वगैरे कंपन्यांनी पुन्हा उचल खाल्ली. नॅशनं १९५४ मध्ये सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये आटोपशीर बसवली. १९६९ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांना एसी होता.

आणि इथंच घरगुती दुरुस्तीची संस्कृती जन्माला आली. अमेरिकेत सुट्या भागांच्या दुकानात आर-१२ चे छोटे डबे मिळत. शनिवारी सकाळी डबा आणायचा, नळी जोडायची, व्हॉल्व्ह उघडायचा, गारवा परत. पुढच्या वर्षी पुन्हा. गॅस स्वस्त होता आणि गळती शोधण्याची मेहनत महाग होती. मग गळती कोण शोधणार? गॅरेजमध्येही दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे सांधा सैल करून उरलासुरला गॅस हवेत सोडून देणं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. वायू निरुपद्रवी आहे, हे तर मेणबत्ती विझवून सिद्ध झालेलं होतं!

ज्यांना गळती शोधायची असे त्यांच्याकडे एक सुंदर हत्यार होतं, हॅलाइड दिवा. छोटा गॅसचा दिवा, त्याच्या ज्योतीत तांब्याचा तुकडा, आणि एक नळी सांध्यापाशी फिरवायची. नळीतून आर-१२ आत ओढला गेला की त्यातल्या क्लोरीनमुळे निळी ज्योत हिरवी व्हायची. हिरवा रंग दिसला की गळती तिथंच. (ज्योतीत त्या वायूचं विषारी फॉस्जीनही होत असे, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवून काम करावं लागे.) ज्या क्लोरीनमुळे गॅरेजमध्ये ज्योत हिरवी होत होती, तेच क्लोरीन वर आकाशात भलतंच काही करत होतं. पण आकाशाला कुणी दिवा लावला नव्हता.

तो दिवा लावला ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉकनं. १९५७ साली त्यानं इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर नावाचं एक हातात मावणारं उपकरण बनवलं होतं. हवेतल्या अत्यल्प क्लोरीनयुक्त संयुगांचा ते माग काढू शके. १९७१-७२ मध्ये 'शॅकलटन' या जहाजावर बसून ब्रिटन ते अंटार्क्टिका अशी हवा तपासत जाताना त्याला सर्वत्र, अगदी वस्तीपासून हजारो मैलांवरही, फ्रिऑन कुळातला वायू सापडला. आपल्या भाषेत सांगायचं तर, हा पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा 'लीक टेस्ट' होता. आणि तरी गंमत बघा, १९७३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्यानं लिहिलं की यापासून काही धोका संभवत नाही. गळती सापडली होती. गळलेलं काय करतं, हे अजून कळायचं होतं.

ते कळलं दुसऱ्याच वर्षी. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी मांडलं की हे स्थिर वायू न मोडता वर स्थितांबरापर्यंत जातात, तिथं अतिनील किरणांनी फुटतात, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू हजारो ओझोन रेणू नष्ट करतो. पुढे १९९५ मध्ये पॉल क्रुट्झेन यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण आता इथं माणसाचा स्वभाव पाहा. १९७४ नंतर सगळा गदारोळ झाला तो स्प्रेच्या डब्यांवर. अमेरिकेनं १९७८ मध्ये बहुतेक स्प्रेंमधून हे वायू हद्दपार केले. मोटारीच्या एसीकडे तेव्हा कुणी वळलं नाही. का? स्प्रेतून वायू बाहेर पडतो तो हेतूनं. बटण दाबलं की फुस्स, सगळ्यांना दिसतं. एसी ही 'बंद' यंत्रणा. तिच्यातून वायू बाहेर पडतो तो दोषानं. आणि जे दोषानं घडतं त्याचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. हेतूनं केलेल्या कृतीला आपण जबाबदार मानतो. दुर्लक्षानं होत राहिलेल्या गोष्टीला 'चालायचंच' म्हणतो. नीतिशास्त्राच्या वर्गात या भेदावर तास घालवता येतात. इथं त्या भेदानं दहा-बारा वर्षं घालवली.

१९८५ च्या मे महिन्यात फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि ओझोनच्या थराची घट आकड्यांत समोर आली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. १९९० मध्ये लंडनला त्यात सुधारणा झाली, तेव्हा भारताच्या वतीनं मनेका गांधींनी ठामपणे मांडलं की श्रीमंत देशांनी बिघडवलेल्या आकाशाचा खर्च गरीब देशांनी का सोसावा? त्या आणि इतर देशांच्या आग्रहातून मदतनिधी उभा राहिला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. आपल्याकडे २००३ पासून नव्या यंत्रांत हे वायू भरणं बंद झालं आणि २००८ मध्ये, दम्याच्या पंपांसारखे अपवाद वगळता, उत्पादनही थांबलं.

अमेरिकेतल्या शनिवारच्या मिस्त्रीवर याचा थेट परिणाम झाला. १ जुलै १९९२ पासून गॅस हवेत सोडणं बेकायदा ठरलं. त्याच वर्षाअखेर आर-१२ चे छोटे डबे फक्त प्रमाणपत्र असलेल्या कारागिरांनाच विकत घेता येऊ लागले. १९९४ च्या नव्या गाड्यांपर्यंत सगळीकडे आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. पण क्लोरीन नाही म्हणून हॅलाइड दिव्याची ज्योतही हिरवी होईना! जुनं तेल नव्या वायूत मिसळेना. रेणू लहान, म्हणून जुन्या रबरी नळ्यांतून तो जास्त झिरपू लागला. नळ्यांना आतून नायलॉनचं अस्तर द्यावं लागलं. जुन्या गाड्यांसाठी आर-१२ चा चोरटा व्यापार सुरू झाला, मायामी बंदरात माल पकडला जाऊ लागला. गॅस महाग झाला, आणि गॅस महाग झाल्याबरोबर लोक गळती शोधू लागले. उपदेशानं जे झालं नव्हतं ते किमतीनं झालं.

आर-१३४ए ची कथाही इथं संपत नाही. ओझोनला तो निरुपद्रवी, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट समर्थ. घरच्या घरी हिशेब करू. लहान गाडीत साधारण अर्धा किलो गॅस धरा. तो हवेत गेला की सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो निघतो. म्हणजे एका भरणीचा गॅस गळणं हे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचं. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं या वायूंवरही टप्प्याटप्प्यानं कपात लावली. भारतानं ती २०२१ मध्ये स्वीकारली. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए बंद आहे. त्याच्या जागी आलेला आर-१२३४वायएफ पृथ्वीला फार कमी तापवतो, पण तो थोडा ज्वालाग्राही आहे आणि हवेत मोडल्यावर त्याचं सहजी न मोडणारं एक आम्ल बनतं. दर पिढीला नवा वायू, आणि दर वायूला नवा 'जातो कुठे?' हा प्रश्न.

आता बॉनेटपाशी येऊ. एसीतून गरम हवा येतेय, तर घरच्या घरी काय करता येईल आणि काय करू नये?

इथं आम्हाला न्यायशास्त्राची मदत घ्यावीशी वाटते. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं 'शेषवत्' म्हणजे, वात्स्यायनाच्या भाष्याप्रमाणे, कार्यावरून कारणाकडे जाणं. उदाहरण नदीचं आहे: नदी दुथडी भरून वाहतेय, त्यावरून वर पाऊस झाला असणार. पुढे सूत्रकार स्वतःच आक्षेप मांडतो: नदीचं पाणी खाली बांध घातल्यानंही चढतं की! मग अनुमान खोटं ठरलं. यावर भाष्यकाराचं उत्तर फार व्यवहारी आहे. नुसतं चढलेलं पाणी पाहून पावसाचं अनुमान करूच नये. पावसानं आलेल्या पुराची खूण वेगळी: प्रवाह वेगवान, वर फेस, पानं, फळं, लाकडं वाहत आलेली. बांधानं तुंबलेल्या पाण्याला या खुणा नसतात.

'हवा गरम आहे' हे नुसतं चढलेलं पाणी आहे. त्यावरून 'गॅस कमी आहे' असं अनुमान करणं म्हणजे बांध न पाहता पाऊस ठरवणं. म्हणून खुणा पाहू या.

पहिली खूण: हवा गरम आहे की कमी आहे? हवा थंडच आहे पण जोर नाही, तर दोष गॅसचा नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून पाहा. आपल्या धुळीत तो वर्षभरात गोधडीसारखा होतो. दुसरी: इंजिन चालू, एसी चालू, आणि लांबूनच कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे पाहा. ढगळ बाह्या, ओढणी, हात पट्ट्यापासून दूर ठेवा. बऱ्याच गाड्यांत तिथं क्लचची चकती असते. ती 'टक्' करून आत बसते आणि फिरू लागते. बसत नसेल तर फ्यूज, रिले, वायर पाहायची. गॅस फारच कमी असेल तरी दाबाचा स्विच क्लचला रोखून धरतो. काही जण हा स्विच तारेनं जोडून टाकतात. तसं करू नये: कॉम्प्रेसरचं वंगणतेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही तर तेल नाही, आणि हजारोंचा कॉम्प्रेसर जळतो. तिसरी: रेडिएटरचा पंखा फिरतोय का, कंडेन्सरच्या जाळीत माती आणि किडे भरलेत का? गाडी धावताना गार आणि सिग्नलला थांबली की गरम, ही पंख्याची खूण आहे. इंजिन थंड असताना हलक्या धारेनं, जाळीची पाती न वाकवता, कंडेन्सर धुणं हे घरच्या घरी होणारं आणि पुष्कळदा पुरेसं ठरणारं काम आहे. चौथी: काही वेळ गार, मग गरम, थांबून पुन्हा गार, असं होत असेल तर आत ओल गेलेली असू शकते, तिचा बर्फ व्हॉल्व्हचं छिद्र बुजवतो. पाचवी, आणि गळतीची खरी खूण: सांध्यांवर, नळ्यांच्या टोकांवर, कंडेन्सरवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. गॅस अदृश्य असतो, पण जाताना तो तेलाचा माग सोडून जातो. हीच भाष्यकाराची पानं आणि लाकडं. शंका आली तर गाडी बंद असताना साबणाचं पाणी लावा. मोठी गळती बुडबुडे दाखवते. बारीक गळतीसाठी गॅरेजमध्ये तेलात रंग घालून अतिनील दिव्यानं पाहतात. आणि गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी पाहून घाबरू नका. ती हवेतली आर्द्रता आहे. ते पाणी उलट आत पायांशी साचू लागलं, तर बाहेर जाणारी नळी तुंबलीय.

आता दाबाबद्दल. लोक छोटं गेज आणि ४५० ग्रॅमचा डबा आणून स्वतः भरतात. इथं भौतिकशास्त्र फसवतं. गाडी बंद असताना, ३० अंश तापमानाला, आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पीएसआय दिसेल. आत ४५० ग्रॅम असो की २५०, जोवर थोडाही द्रव शिल्लक आहे तोवर दाब तेवढाच, कारण तो तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. चालू गाडीत दोन गेज लागतात. दोन्ही बाजू कमी: गॅस कमी असण्याची शक्यता. दोन्ही जास्त: कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही किंवा गॅस जास्त झालाय. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची पडलेली: कॉम्प्रेसर थकलाय. डब्याबरोबर येणारं एकच गेज म्हणजे पुन्हा नुसतं चढलेलं पाणी. खरं माप एकच, वजन. बॉनेटखालच्या पट्टीवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. उरलेला गॅस यंत्रानं काढून घ्यायचा, गळती दुरुस्त करायची, पोकळी निर्माण करून ओल उकळवून काढायची आणि वजन करून भरायचं. हे काम घरचं नाही. सांधा उघडू नये; उडालेला द्रव कातडी आणि डोळे गोठवतो. डबा तापवू नये. आणि स्वस्तात कुणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायू भरून देत असेल तर नकोच. कूलिंग कॉइल आपल्या पायांशी असते, ती गळली तर बंद गाडीत पेटता वायू साठेल.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण आहे. एकेकाळी आपल्याकडे अँबॅसिडर-पद्मिनीत डॅशबोर्डखाली बाहेरून एसी टांगून घेणारे मोजके लोक होते. आज लहानात लहान गाडीलाही तो असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. आणि तो असायलाच हवा: मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर दहा तास ट्रक चालवणाऱ्या माणसाचा गारवा ही चैन नव्हे. पण याचा अर्थ असा की आता लाखो नवे सील आणि लाखो नव्या रबरी नळ्या रस्त्यावर येणार. त्या प्रत्येकीबाबत आपण 'संपला' म्हणणार की 'गळला', यावर बरंच काही ठरेल.

विजेच्या गाड्यांत एक वळण पूर्ण होतंय. तिथं कॉम्प्रेसरची मोटर पुन्हा त्याच्याच बंद डब्यात गेली आहे, फ्रीजसारखी. बाहेर येणारा दांडा नाही, दांड्याचं सील नाही. मात्र तिथं वीज उच्च दाबाची आहे आणि तेलही वेगळं. नेहमीचं तेल पडलं तर विद्युतरोधन बिघडतं. म्हणजे गळती कमी, पण घरी हात घालण्याची मुभाही कमी. नारिंगी आवरणाच्या तारांना घरी हात लावायचा नाही.

मग आपल्या हाती काय उरतं? फिल्टर, कंडेन्सर, पंखा, डाग पाहणारे डोळे. हिवाळ्यातही आठवड्याला पाच-दहा मिनिटं एसी चालवणं, म्हणजे सीलला तेल लागत राहतं. आणि गॅरेजमध्ये विचारायचे तीन प्रश्न: आधीचा किती ग्रॅम निघाला? नवा किती ग्रॅम भरला? आणि मधला कुठून गेला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देणारा मिस्त्री चांगला. तिसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय भरायला नकार देणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला सोडू नका. तो थोडे जास्त पैसे मागेल, ते द्या.

इथं थांबू. प्रश्न असतील तर विचारा.